गांधार कुठे लावलाय?

(दृश्य: चार पायांवर उभी असलेली दहा तारांची पेडल स्टील गिटार. खुंटीवर एका वादक ताईंची बोटं. जवळून.)

जॅम, म्हणजे स्टील वादकांनी जमून एकत्र वाजवायची बैठक, उद्या संध्याकाळी आहे, पण तिसरी तार आज रात्रीच बदलायची.

तशी ती चांगली वाजतेय. तरी उतरणार, कारण पेडल स्टीलवर ऐन वेळी दगा देते ती बहुतेकदा हीच. जाडी ०.०११ इंच. दहा जणींत सगळ्यांत बारीक, आणि राबवली जाते मात्र सगळ्यांत जास्त. पायाखालचं मधलं पेडल दाबलं की ती अर्धा सूर वर ओढली जाते, सोडलं की खाली येते. एका गाण्यात असं किती वेळा होतं ते मोजायच्या फंदात पडू नका. उजव्या टोकाला एका धातूच्या गोल बोटावरून ती वळते, तिथेच झिजते आणि तिथेच तुटते.

तार रात्री चढवायची कारण नवी तार तासन्‌तास उतरत राहते. लावायची, हाताने हलकेच ओढायची, पुन्हा लावायची. उद्या दारात पोहोचून नवी तार घातली, तर संपूर्ण संध्याकाळ खुंटीशी भांडण्यात जाते. राखीव म्हणून तिसरीच्या दोन आणि पाचवीची एक तार खिशात असलेली बरी. बाकीच्यांची एवढी काळजी करायचं कारण नाही.

(दृश्य: वाद्य उलटं केलेलं. आतल्या सळया, पट्ट्या, स्प्रिंगा.)

हे वाद्य खालून पाहिलं की गिटारपेक्षा शिवणयंत्राची आठवण होते. पेडल दाबलं की उभी सळई खाली ओढली जाते. ती एक आडवा दांडा फिरवते, दांडा दुसरी सळई ओढतो, आणि टोकाचं ते धातूचं बोट वळून तार ताणतं. तीन पेडलं, गुडघ्यांनी ढकलायचे चार-पाच लिव्हर आणि डावा हात, उजवा हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे एकाच वेळी कामाला. उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो, म्हणजे तोही मोकळा नाही.

सुरुवात मात्र फार साधी होती. हवाईतल्या ओआहू बेटावर, लाइए गावात, १८८९च्या सुमाराला जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवला. पेडलं आली ती पुष्कळ नंतर. १९५४ साली अमेरिकन कंट्री गायक वेब पिअर्स यांचं ‘स्लोली’ हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि एक सूर जागेवर राहून दुसरा त्याच्या अंगावरून वर चढला. ते ऐकून अमेरिकाभरचे स्टील वादक आपापल्या वाद्याला पेडलं बसवायच्या मागे लागले.

(दृश्य: डाव्या हातातला बार. तारांखाली रंगवलेल्या रेषा.)

हातातला हा दंडगोल म्हणजे बार. पोलादाचा, साधारण पाऊण-एक इंच जाड, हातात घेतला की वजन जाणवतं. खालच्या आडव्या रेषा पडद्यांसारख्या दिसतात, पण ती नुसती चित्रं आहेत. बोट दाबलं की सूर आपोआप मिळेल असं इथे काही नाही. रेषेच्या बरोब्बर वर बार आला तर सूर, केसभर मागे राहिला तर बेसूर. त्यातही गंमत अशी, की मान थोडी डावीकडे कलली की रेषा जागची हललेली दिसते. म्हणून घरी ज्या उंचीच्या स्टुलावर सराव केला, तेच स्टूल जॅमला न्यायचं. तिथली खुर्ची दोन बोटं उंच निघाली तरी नजरेचा कोन बदलतो आणि गुडघेही लिव्हरला वेगळ्या जागी लागतात. नवखे लोक ॲम्प आठवणीने नेतात आणि स्टूल विसरतात. माझं विचाराल तर उलट चालेल. ॲम्प कुणाचाही मागता येतो.

पडदे नसण्याचा फायदा आपल्या लोकांना वेगळा सांगायला नको. मींड. ब्रिजभूषण काबरा यांनी ही मांडीवरची गिटार रागसंगीतात आणली ती त्यासाठीच. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आजही ऐकली जाते.

(दृश्य: ट्यूनरचा काटा. वादक काट्याकडे बघतात, मग डोळे मिटतात.)

आता खरं काम. सूर लावणं.

ट्यूनर जोडला, दहा तारांचे काटे मध्यावर आणले, झालं, असं वाटतं. इथेच अर्धे जॅम बिघडतात. ट्यूनर जो सूर दाखवतो तो हार्मोनियमचा सूर. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेला. आणि हार्मोनियमच्या गांधाराबद्दल गवय्यांची तक्रार किती जुनी आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. नीट लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो हार्मोनियमच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. अर्ध्या सुराचे १०० भाग केले, तर त्यातले १४.

असाच लावलेल्या पियानोवर हा फरक खपून जातो, कारण तिथला सूर लवकर विझतो किंवा दुसऱ्या सुरात मिसळतो. स्टीलवर मात्र सूर लांबतो, सोबत व्हॉल्यूम पेडल त्याला हळूहळू फुगवत नेतं, आणि गांधार चढा असेल तर तो तसाच लांबत आणि फुगत राहतो. म्हणून बहुतेक वादक तिसरी आणि सहावी तार ट्यूनरच्या काट्याखालीच ठेवतात. ई नाइन या नेहमीच्या मेळात त्या दोन्ही गांधाराच्या तारा आहेत. किती खाली, यावर मात्र एकमत नाही. कुणी पूर्ण १४ सेंट उतरवतात. कुणी सात-आठवर थांबतात, कारण जॅमला कीबोर्ड असला तर त्याचा गांधार तर चढाच राहणार.

मोकळ्या तारा खुंट्यांवर लागल्या की पहिलं पेडल दाबायचं आणि उजव्या टोकाला या. तिथे नायलॉनच्या बारीक नटांची रांग असते. पेडल दाबलेलं ठेवून, छोट्या चावीने, ओढलेला सूर वेगळा लावायचा. मग दुसरं पेडल. मग एकेक लिव्हर. दोन पेडलं एकदम दाबली की सगळ्या वाद्याच्या सांगाड्यावर ताण येतो आणि न ओढलेल्या ताराही किंचित उतरतात. म्हणजे सगळं पुन्हा तपासायचं. घाईचं काम नाही हे.

उद्या तिथे चार स्टील असतील. एकाने गांधार काट्यावर लावलेला, दुसऱ्याने १४ सेंट उतरवलेला. दोघांनी एकच कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरली, तर तिसऱ्या तारेवर सेकंदाला तीनेक हेलकावे ऐकू येतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि एकत्र वाजवलं की कानाला बोचतं. म्हणून अनुभवी वादक आल्या आल्या नमस्कारानंतर पहिला प्रश्न विचारतात: “ताई, गांधार कुठे लावलाय?”

(दृश्य: कागदावर आकडे. १, ४, ५.)

काय वाजवायचं?

सँटो आणि जॉनी या भावांची ‘स्लीप वॉक’ ही धून १९५९ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. स्टीलवर हात बसलेल्या प्रत्येकाला ती येते, आणि जॅमला ती प्रत्येक जण बसवून आणतो. ती यायलाच हवी. पण आपलं पहिलं गाणं म्हणून ती ठेवू नये, कारण आपल्या आधीच्याने ती नुकतीच वाजवलेली असते.

दोन गाणी पुरेत. एक संथ, एक चालतं. दोन्हींच्या कॉर्ड आकड्यांत लिहून ठेवायच्या. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत १९५०च्या दशकाच्या अखेरीस गायक नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत रुळवली. सा ची कॉर्ड म्हणजे १, म ची ४, प ची ५. ऐन वेळी गायकाने पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. बेस वाजवणाऱ्याला, ड्रमवाल्याला आणि साथीच्या गिटारवाल्याला एकेक प्रत. पट्टी कुठली ते बोटांनी सांगतात: एक बोट वर म्हणजे जी, दोन वर म्हणजे डी, एक खाली म्हणजे एफ, दोन खाली म्हणजे बी फ्लॅट.

मधला भाग कुणीही सांभाळून नेतं, गोंधळ होतो तो दोन टोकांना. सुरू कोण करणार, आणि शेवटची ओळ दोनदा की तीनदा? म्हणून आज रात्रीच्या सरावात या वादक पूर्ण गाणं एकदाच वाजवतात. सुरुवातीचे चार ताल आणि शेवटचे आठ मात्र पुन्हा पुन्हा, मेट्रोनोमवर.

मग जागा बदलण्याचा सराव. जी ची कॉर्ड तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे तिसऱ्या रेषेवर, पेडल न दाबता मिळते. सहाव्यावर पहिलं पेडल आणि गुडघ्याचा लिव्हर धरला की पुन्हा तीच. दहाव्यावर पहिली दोन पेडलं दाबून पुन्हा तीच. सहाव्या फ्रेटवरची कॉर्ड थोडी उतरलेली लागते, म्हणून तिथे बार रेषेच्या किंचित पुढे. हे पुस्तकात वाचून कळतं, पण कानाला सवय व्हायला वेळ लागतो. या तीन जागांमधून बार न पाहता फिरता आलं, की जॅममध्ये मान वर करून बाकीच्यांकडे बघता येतं. ते फार उपयोगाचं आहे.

आणि गप्प बसण्याचा सराव. गायक गातोय तोवर हात तारांवर आडवा, आवाज बंद. ओळ संपली की दोन सूर. दुसरा स्टील वादक भरतोय तेव्हा आपण काहीच भरायचं नाही, मोह झाला तरी नाही. ध्वनिमुद्रण लावून एक अख्खं गाणं न वाजवता ऐकणं हासुद्धा तयारीचाच भाग, आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा.

(दृश्य: सकाळ. हार्ड केस, पिशवी, केबल.)

सामान भरायला वेळ लागत नाही. बार, अंगठ्याची एक आणि बोटांच्या दोन नखी, दोन केबल, चावी, सुकं फडकं, राखीव तारा. पेडलच्या सळया एका नळीत, क्रमाने. पाय पिशवीत. दोन मानांचं (तारांचे दोन संच असलेलं) वाद्य असेल तर केससकट वजन तीस किलोच्या आसपास जातं, त्यामुळे जिने किती आहेत ते आधी विचारून ठेवावं.

(दृश्य: जॅमची जागा. जमिनीवर उघडी केस, आत पालथं वाद्य.)

जुळणी उलटीच सुरू होते. वाद्य केसमध्ये पालथं असतं. तसंच ठेवून चार पाय पिळायचे, पेडलची पट्टी बसवायची, सळया अडकवायच्या, आणि मग अख्खं वाद्य उचलून सरळ करायचं. दार-खिडकीजवळ किंवा वातानुकूलन यंत्राच्या झोतात जागा घेऊ नये. गारव्याने तारा आखडतात आणि रात्रभराची मेहनत वाया जाते. अर्धा तास वाद्याला तसंच राहू द्यायचं, मग पुन्हा सूर तपासायचा.

तोवर बाकीचे येतात. एकाकडे मांडीवरची सहा तारांची, एकाकडे पोटात धातूची तबकडी असलेली डोब्रो. विजेवर चालणारी आणि खरोखर विकली गेलेली पहिली गिटार अशी मांडीवरचीच होती. १९३२ साली बाजारात आली, आकारामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणायचे. हवाईची धून गर्दीत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायची होती, म्हणून वीज. नेहमीच्या गिटारवाल्यांनी हे मागाहून उचललं. स्टीलवाले हा इतिहास सांगायची संधी सोडत नाहीत, मीही सोडली नाही.

ॲम्पचा आवाज प्रत्येक जण घरच्यापेक्षा वाढवून बसतो. चौघांनी वाढवला की कुणालाच स्वतःचं ऐकू येत नाही, मग सगळे आणखी वाढवतात. यावर उपाय एकच. ॲम्प पाठीमागे न ठेवता थोडा बाजूला, कानाच्या दिशेने तिरपा ठेवायचा. प्रतिध्वनीचं बटणही निम्म्यावर. जास्त प्रतिध्वनीत आपला सूर आपल्यालाच बरा वाटायला लागतो.

“माझ्यावर वाजवून बघा ना,” असा आग्रह होतोच. बसण्याआधी पेडलांचा क्रम विचारून घ्या. स्टील वादक बडी एमन्स यांच्या पद्धतीत पहिलं पेडल डावीकडे असतं, दुसरे वादक जिमी डे यांच्या पद्धतीत तेच उजवीकडे. गुडघ्यांचे लिव्हरही त्याप्रमाणे बदलतात. वर्षानुवर्षं बसलेला पाय दुसऱ्याच्या वाद्यावर हमखास उलटा पडतो आणि आजूबाजूचे मनापासून हसतात. हसू द्यावं.

(दृश्य: वहीत नावांची यादी. कीबोर्डवाला एक सूर धरून ठेवतो. चारही स्टील त्याला मिळतात.)

क्रम ठरतो. एकेकाची दोन गाणी, साथीला सगळ्यांना तेच साथीदार. आपल्या वादकांचा नंबर तिसरा.

नंबर येईपर्यंत कुठे बसायचं हेही त्यांनी ठरवलेलं आहे. समोर, जमिनीलगत बसलं की वादकाचे पाय आणि गुडघे दिसतात: कुठल्या सुराला कुठलं पेडल, अर्धंच दाबलं की पूर्ण. बार कुठल्या रेषेवर आहे ते पाहायचं तर मात्र वादकाच्या पाठीमागे जाऊन खांद्यावरून डोकवावं लागतं. दोन्ही एका जागेवरून दिसत नाही. म्हणून पहिल्या गाण्याला त्या समोर बसतात, आणि दुसरं सुरू व्हायच्या आत उठून मागे जातात.