खाडीपलीकडच्या शहराची जमीन

ठाणे खाडीच्या पूर्वेला आज जिथे इमारतींची दाटी दिसते, तिथे साठ वर्षांपूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. चिंचोळ्या मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी येथे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा टापू नवी मुंबईसाठी ठरला.

या योजनेचे अर्थकारण जमिनीवर उभे होते. शेतजमीन संपादित करायची, रस्ते, पाणी आणि वीज आणून तिचे भूखंड पाडायचे, आणि भूखंडांच्या वाढत्या किमतीतून पुढच्या सुविधांचा खर्च भागवायचा. विकसनशील देशातील, तिजोरीची ओढाताण असलेल्या शासनासाठी हा मार्ग शहाणपणाचा होता. मात्र त्या वाढीव किमतीत मूळ शेतकऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न सुरुवातीला विचारलाच गेला नाही. तो शेतकऱ्यांनीच शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली विचारला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचा बळी घेतला. त्यानंतरच्या काळात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. उशिरा आलेला हा न्याय पुरेसा होता, असे आम्हांला वाटत नाही.

घणसोली किंवा कोपरखैरणे येथे सेक्टरमधला रुंद रस्ता सोडून गावठाणात शिरले, की भिंतीला भिंत लावून उभी राहिलेली तीन-चार मजली घरे दिसतात. कुटुंबे वाढली, पण शेती गेल्यामुळे पसरायला जागा उरली नाही. ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हेच त्यांचे नाव सरकारी कागदांतही रूढ झाले आहे आणि ती नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला.

नियोजनातले इतर दुवेही मागे राहिले. वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडले, आणि मूळ कल्पनेत येथे हलवायचे असलेले मंत्रालय तर खाडी ओलांडून आलेच नाही.

आता नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात जमीन संपादित करण्याऐवजी नगररचना योजना, म्हणजे जमिनी एकत्र करून त्यांचा विकसित भाग मूळ मालकांना परत देण्याच्या योजना, राबवल्या जात आहेत. त्यांत शेतकऱ्याकडे चाळीस टक्के विकसित जमीन राहते, आणि उरलेले साठ टक्के सोडण्यास तिथल्या अनेक शेतकऱ्यांचा विरोध आहे. हे प्रमाण त्यांच्याशी चर्चा करूनच ठरायला हवे, आणि तेही आराखड्यावर रेषा ओढण्यापूर्वी.