पिल्लू येण्याआधीची वही

नमस्कार श्रोतेहो.

सहकारनगरच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो, सातवीतला. जिन्यात आमची कुत्री ठमी दिसली की तो पायरीवर बसतो आणि तिच्या कानामागे खाजवत राहतो. एकदा त्याने विचारलं, "आजी, ठमी कितीला घेतलीत?" मी म्हटलं, "विकत नाही रे घेतली. कोपऱ्यावरच्या कुत्रीचं पिल्लू ती." त्याचा चेहरा एकदम फुलला. "म्हणजे काहीच खर्च नाही! मी आजच आईबाबांना सांगतो."

मी त्याला घरात बोलावलं आणि वही दाखवली. जून ते मे, ठमीवर झालेला प्रत्येक रुपया त्या वहीत आहे. शेवटच्या पानावरची बेरीज ५९,२०० रुपये.

तीच वही आज तुमच्यापुढे उघडते आहे. दर दवाखान्यागणिक बदलतात, तेव्हा आकडे अंदाजापुरते घ्या. पण कोणता खर्च कोणत्या महिन्यात येऊन पडतो, ते मात्र लक्ष देऊन ऐका.

सुरुवातीचे महिने लसींचे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की एकत्रित लसीचा पहिला डोस. दवाखान्यात तिला 'सेव्हन इन वन' किंवा 'नाइन इन वन' म्हणतात. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, महिन्याभराने तिचा बूस्टर. शिवाय जंतांचं औषध, अगदी लहानपणी दर पंधरा दिवसांनी. डॉक्टरांची फी धरून आमचे ५,२०० रुपये झाले.

काटकसर करायला लोक नेमके इथेच जातात. दोन डोस झाले, पिल्लू टुणटुणीत आहे, मग तिसरा कशाला? त्याचं कारण सांगते. आईच्या चिकातून पिल्लाला थोडी प्रतिकारशक्ती मिळालेली असते. ती अंगात आहे तोवर लसीचा पुरता उपयोग होत नाही, आणि ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून डोस पुन्हापुन्हा द्यायचे. शेवटचा चुकवला तर आधीचे पैसेही वाया गेले असं होऊ शकतं. आणि पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला की ओकाऱ्या, रक्ताचे जुलाब, दिवसचे दिवस सलाइन. एवढं करूनही पिल्लू हाताशी लागेलच असं नाही. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलने मरत नाही. म्हणून ठमीच्या लसी पूर्ण होऊन वर दोन आठवडे जाईपर्यंत आम्ही तिला तळजाईच्या टेकडीवर नेलं नाही. ऊन खायला कडेवर घेऊन गच्चीवर जायचो.

सगळ्यात मोठा आकडा खाण्याचा, २८,००० रुपये. आपल्याकडे अजून दूधपोळीवर कुत्रं वाढवतात. वाढत्या पिल्लाला त्यातून प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं मिळत नाही, आणि पुष्कळ पिल्लांचं दुधाने पोट बिघडतं. आम्ही डॉक्टरांना विचारून सकाळी पिल्लांचं तयार खाद्य आणि संध्याकाळी उकडलेलं चिकन, भात, लाल भोपळा असं ठरवलं. पहिले काही महिने ते दिवसातून चार वेळा विभागून, मग तीनदा, सहा महिन्यांनंतर दोनदा. ठमी १६ किलोची आहे. लॅब्रॅडोर आणणार असाल तर हा आकडा दीडपट-दुप्पट धरा.

खाण्यावरून एक सांगायलाच हवं. सत्यनारायणाचा शिरा प्रेमाने पिल्लापुढे ठेवू नका. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नको. आणि आपली अंगदुखीची गोळी तर कधीच देऊ नका.

पावसाळ्यात गोचीड. त्यावरचं औषध महिन्याच्या महिन्याला, वर्षाचे ४,००० रुपये. ऑगस्टमधली एक तारीख आमच्याकडून हुकली. सप्टेंबरात ठमीने खाणं सोडलं, अंग तापलं, रक्त तपासलं तर प्लेटलेट्स घसरलेल्या. गोचीडताप. चार आठवडे गोळ्या, दोनदा रक्ततपासणी, ६,८०० रुपये. त्या रात्री पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आम्हाला पडला नाही. तो का, ते पुढे सांगते.

दिवाळीत आम्ही कोकणात गेलो. सहा दिवस ठमीला बोर्डिंगमध्ये ठेवलं, ४,२०० रुपये. तिथे लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि दिवाळीच्या जागा फार आधी भरतात. नसबंदीचे ८,००० रुपये. पट्टा, भांडी, गादी आणि महापालिकेच्या परवान्याचं शुल्क मिळून ३,०००. परवान्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं.

पिल्लू विकत घेणाऱ्यांनी एक पाहावं. २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आणि कृपा करून हस्की आणू नका. त्याचं अंग बर्फासाठी घडलेलं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा विजेचं बिल तुम्ही भराल, पण हाल ते जनावर सोसेल.

आता त्या सप्टेंबरच्या रात्रीबद्दल. ठमी यायच्या आधी तीन महिने आम्ही दर एक तारखेला ५,००० रुपये एका डब्यात टाकत होतो. जणू पिल्लू घरात आलंच आहे. ही कल्पना माझ्या यजमानांची. म्हणाले, तीन महिने हे जमलं नाही, तर बारा-तेरा वर्षं कसं जमणार? ते १५,००० दुखण्याखुपण्यासाठीच राखून ठेवले होते. त्यातूनच तिचा ताप निघाला. तळजाईवर फिरताना कधीकधी गळ्यात जुना पट्टा असलेलं, माणसामागून चालणारं एखादं मोठं कुत्रं दिसतं. कुणीतरी त्याला हौसेने घरी नेलेलं असतं. ते पाहिलं की मला तो डबा आठवतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने वहीची दोन पानं उतरवून नेली. त्याच्या आईबाबांनी बरणी ठेवली आहे, तिच्यात दोन महिन्यांचे पैसे पडले आहेत. तिसरे पडले की पिल्लू बघायला जायचं ठरलंय, आणि सोबत मी यावं, असा त्याचा निरोप आहे.

नमस्कार.