आज काय लावलाईस?

(पडदा काळा. कौलांवर पडणारा पाऊस. त्याच्याखालून बारीक खरखर.)

वरचा आवाज पावसाचा. खालचा सुईचा.

(माडीवरची खोली. खिडकीपासून लांब, भिंतीशी टर्नटेबल. सतरंजीवर सात-आठ माणसं.)

बेळगाव, शहापूर. जुलैतला रविवार, सकाळचे साडेदहा. जिना इतका अरुंद की छत्री खालीच मिटावी लागते आणि काखेतली रेकॉर्ड पोटाशी धरून चढावं लागतं. वर पोचलेल्याला 'बरा आहेस का' असं इथं कोणी विचारत नाही. विचारतात, "आज काय लावलाईस?"

म्हणजे तुझ्या घरच्या मशीनवर सध्या कुठली रेकॉर्ड आहे? तीच घेऊन यायची. कपाटातली सगळ्यांत महागाची नको, पाहुण्यांना दाखवायची नको. काल रात्री जिच्यावर सुई होती ती. मग तिच्यावर चरे असोत, नाहीतर ती गेल्या खेपेलाच येऊन गेलेली असो. एकजण मार्चपासून एकच रेकॉर्ड आणतोय. त्याला कोणी काही म्हणत नाही.

आणखी दोन नियम आहेत. कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, खाल्लेल्या हातानं रेकॉर्ड धरायची नाही; कुंदा शेवटी. आणि वीज गेली तर सुई उचलायची नाही. पहिल्याचं कारण मला लगेच कळलं.

ऐकायचं काय, तर जॅझ.

कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून जवळच. धारवाड दीड-दोन तासांवर, मिरजेचे तंबोरे तर घराघरांत. अशा मुलखात ही मंडळी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन ऐकत बसतात. मी कॅमेरा घेऊन आलो तो 'बेळगावात जॅझ!' असा उद्गारचिन्हासकटचा मथळा डोक्यात घेऊनच. दुसऱ्या रविवारी ते चिन्ह गळून पडलं. त्याला कारण हे गृहस्थ.

(पेटीच्या पट्ट्यांवर म्हातारी बोटं. नखात लाकडाचा भुसा.)

यांना सगळे पेटीवाले म्हणतात. हयात हार्मोनियम दुरुस्त करण्यात गेली. इंग्रजी वाचता येत नाही, रेकॉर्डच्या कव्हरवरचे चेहरे ओळखत नाहीत. ऐकतात तेव्हा शेजारी पेटी असते आणि एखादी पट्टी हळूच दाबून बघतात. जाणकारीचा आव नाही, वर्षानुवर्षांची खोड.

त्या दिवशी कोणीतरी 'काइंड ऑफ ब्लू' आणली होती. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची, १९५९ सालची. न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीटवरच्या स्टुडिओत, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत झालेलं ध्वनिमुद्रण. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स. जॅझचं एकच काहीतरी ऐकव म्हटलं की दहातले आठजण हीच काढतात.

पहिली बाजू संपली. पेटीवाले म्हणाले, "ह्यांची पट्टी चढलीया."

सगळ्यांनी मशीनला दोष दिला. मग तपासणी. या मशीनच्या थाळीच्या कडेला ठिपक्यांची रांग आहे आणि शेजारी बारका निऑनचा दिवा. वेग बरोबर असेल तर फिरत्या थाळीवरचे ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. कमी-जास्त असेल तर मुंग्यांसारखे मागंपुढं सरकायला लागतात.

(ठिपके. स्थिर.)

ठिपके उभे. वेग चोख, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे. दुसरी बाजू लावली. पेटीवाल्यांनी पट्टी दाबली. "आता बरोबर हाय."

एकाच मशीनवर, एकाच रेकॉर्डची एक बाजू चढी आणि दुसरी सुरात? खोलीतला सगळ्यांत तरुण मुलगा, पुण्यात नोकरी करून शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं येणारा, गालातल्या गालात हसत होता. त्याला ठाऊक होतं. मार्चमधल्या त्या पहिल्या बैठकीत ज्या टेपमशीनवरून पुढं रेकॉर्ड निघाली ते मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की सूर वर सरकतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्याच दिवशीच्या. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवरही टेप चालू होती, आणि १९९२ साली तिच्यावरून ही चूक सुधारली. तोवर तेहतीस वर्षं, माइल्सनं वाजवलेल्या सुरापेक्षा जरासा चढा सूर जगानं डोक्यावर घेतला होता.

हे सगळं पेटीवाल्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग मी काय म्हणालतो?" आणि बशीत चहा ओतून घेतला.

त्याच बाजूची पहिली रचना, 'सो व्हॉट', या खोलीत 'ते काफीचं' म्हणून ओळखली जाते. चूक नाही. तिकडं ज्याला डोरियन म्हणतात ते सूर म्हणजे आपला काफी थाट: गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. सोळा बार, म्हणजे चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं, एका षड्जावर, मग आठ बार सगळा डेरा उचलून अर्ध्या सुरानं वर, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. आपल्या बैठकीत कोणी असं केलं तर तंबोरेवाला उठून जाईल. पेटीवाल्यांना मात्र ती उडी आवडते. ती आली की त्यांची भुवईही अर्ध्या सुरानं वर जाते.

(टर्नटेबलचं पोट उघडं. मोटर, रबरी पट्टा, छोटी पितळी पुली.)

वेगाचा विषय निघालाच आहे तर या मशीनची कथा ऐका. खोलीच्या मालकाच्या मुलानं ते अमेरिकेहून आणलं. सोबत ट्रान्सफॉर्मर होता, त्यामुळे मोटर जळली नाही. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, विजेची आंदोलनं बदलत नाही. तिकडं वीज सेकंदाला साठ आंदोलनांची, इकडं पन्नास, आणि या जातीची मोटर आंदोलनं मोजूनच फिरते. म्हणजे तेहतीसच्या जागी जेमतेम अठ्ठावीस फेरे. साठास पन्नास हे प्रमाण सुरांत मांडलं तर नेमकं कोमल गंधार आणि षड्जाचं. अख्खी मैफल कोमल गंधाराएवढी खाली बसली.

पंधरा दिवस मालक खूश होते. "काय गंभीर वाजवतोय ओ हा कोल्ट्रेन!" पेटीवाले आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला झोप आलीया." मग उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, एका लेथवाल्याकडून नवी पुली करून आणली, जुनीपेक्षा एक पंचमांशानं मोठी. पंपांचे सुटे भाग करणाऱ्या त्या माणसानं एवढंच विचारलं म्हणे, "हे कशाचं?" रेकॉर्डचं म्हटल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत. निऑनचा दिवाही मग पन्नासच्या ठिपक्यांना साथ द्यायला लागला. कोल्ट्रेन जागा झाला.

(खानापूरहून येणाऱ्या बाई. मांडीवर हात.)

या बाई खानापूरच्या. शाळेत मराठी शिकवायच्या, तबला घरात शिकल्या. त्यांच्याकडं सध्या 'टाइम आउट' लागलेली आहे, पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकची, तीही १९५९चीच. त्यातली 'टेक फाइव्ह' पाच मात्रांची. लिहिली पॉल डेसमंडनं, सॅक्सोफोनही त्याचाच. बाहेर लोक ही चाल 'किती अवघड' म्हणून ऐकतात. बाई म्हणतात, अवघड काय आहे, झपताल आहे, फक्त दारातून न येता खिडकीतून आलाय. झपताल दोन-तीन, दोन-तीन. तोच तिसऱ्या मात्रेपासून धरा: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. झालं की तीन-दोन, तीन-दोन.

(बाई ठेका धरतात. खाली पियानो.)

बसतो की नाही?

ब्रुबेक १९५८ मध्ये भारतात येऊन गेला होता. मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसला होता. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्यानं नऊ मात्रांची, दोन-दोन-दोन-तीन अशी चाल ऐकली आणि तिच्यावरून याच रेकॉर्डची पहिली रचना झाली. झपतालाचं श्रेय बाई त्याला देत नाहीत, पण "कान उघडा ठेवून हिंडलाय," एवढं कबूल करतात.

(कॅम्प. चर्चचा मनोरा, ओली झाडं. मग एका जाड, काळ्या तबकडीवर बोट.)

कॅम्पातल्या अंकलचं घराणं मूळ गोव्याचं. त्यांची रेकॉर्ड वेगळी, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची लाखेची. 'अलबेला', १९५१. भगवानदादांचा सिनेमा, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या चितळकरांचं. 'शोला जो भडके' लागलं की वयाचा विसर पडून दोनतीनजण बसल्या जागी खांदे उडवतात.

हे जॅझ होय? यावर या खोलीत खरी भांडणं झालीत, मराठी-कन्नड दोन्हींत, आणि फार तापलं की कोकणीत. अंकलचं म्हणणं, त्या चालींमागचा ट्रम्पेट कोणाचा ते बघा. चिक चॉकलेटचा. मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या हॉटेलांत लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगानं वाजवायचा, गायचाही. दिवसा तोच सिनेमाच्या स्टुडिओत. तेव्हाच्या हिंदी गाण्यांतला वाद्यमेळ अशा गोवेकरांनी उभा केला. लोंढ्यावरून मुंबईची गाडी पकडणाऱ्यांत ट्रम्पेटच्या पेट्या किती असतील, अंकल विचारतात. मोजायला कोणी नव्हतं.

अंकलच्या वडिलांचा जॅझ मात्र हवेतून यायचा. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हरचा कार्यक्रम लागे, शॉर्टवेव्हवर, सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनचं 'टेक द ए ट्रेन'. इंग्रजी सगळ्यांना समजावी म्हणून तो मुद्दाम सावकाश बोले. रेडिओ खरखरला की पोरांनी एरियलची तार धरून उभं राहायचं. अंकल ते पोर.

इथं एक कबुली देतो. चित्रणासाठी अंकलनी मला लाखेची एक जुनी रेकॉर्ड घरी नेऊ दिली होती. पावसाळ्यात आमच्याकडं कपाटातल्या चपलेलाही बुरशी धरते. रेकॉर्डवरही पांढरट डाग होते. एलपीला, म्हणजे तेहतीस फेऱ्यांच्या रेकॉर्डला, चालतं म्हणून मी स्पिरिटचा बोळा फिरवला. एलपी व्हिनाइलची असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बोळा काळा झाला तेव्हा कळलं. अंकलनी रेकॉर्ड परत घेतली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "जाऊ दे, मागची बाजू आहे अजून." ती बाजू आम्ही त्या रविवारी तीनदा ऐकली.

(तरुण मुलगा. मांडीवर कव्हर, काळं-पांढरं.)

मार्चपासून एकच रेकॉर्ड आणणारा हाच. 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ या एका दिवसात कोल्ट्रेन आणि त्याच्या तिघा साथीदारांनी ती वाजवली. पहिल्या भागात चार सुरांचा एक तुकडा तो पुन्हा पुन्हा म्हणतो, दर वेळी वेगळ्या षड्जावरून, जणू ते नाव कुठल्याही पट्टीत घेतलं तरी चालेल. या कोल्ट्रेननं मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून. मुलाला विचारलं, हीच का? तो म्हणाला, "अजून झाली नाही." मी पुढं विचारलं नाही. मार्चमध्ये त्याच्या घरात काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे.

(पाऊस वाढतो. खोलीत अंधारून येतं.)

शेवटची रेकॉर्ड बाईंचीच, पिशवीतून उशिरा काढलेली. यंदा त्यांच्या मशीनवर दोघी आहेत, म्हणाल्या, आलटून पालटून. कव्हरवर नाव त्रिलोक गुर्टूचं. १९८८ सालची 'उसफ्रेट'. त्रिलोक मुंबईचा, तबल्यावर वाढलेला आणि युरोपात जाऊन जॅझचा तालवादक झालेला. हिच्यात डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, गिटारवाला राल्फ टाउनर आहे. आणि या सगळ्यांच्या मधून एका बाईचा आवाज येतो. ठुमरीचा आवाज, पान खाऊन बसल्यासारखा निवांत.

पेटीवाल्यांनी मान वर केली. "ही आपली."

त्रिलोकची आई. शोभा गुर्टू. १९२५ साली याच बेळगावात जन्मलेली भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई अल्लादियाखाँसाहेबांकडं शिकलेल्या. ठुमरीची सम्राज्ञी म्हणून देशानं त्यांना डोक्यावर घेतलं, २००२ साली पद्मभूषण मिळालं. पण मुलाच्या रेकॉर्डवर ट्रम्पेटशेजारी त्या गायल्यात हे खोलीतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

एका ठिकाणी त्या सूर लांबवतात.

(पंखा थांबतो. दिवा जातो.)

आवाज बंद झाला नाही. उतरला. षड्जावरून घरंगळत खर्जाखाली, मग नुसती घरघर, मग काहीच नाही. पाऊस तेवढा उरला. कोणी उठलं नाही. सुई होती तिथंच.

अंधारात पेटीचा भाता हलला. पेटीवाल्यांनी एक पट्टी दाबली आणि धरून ठेवली. कोणी बोललं नाही. किती वेळ गेला ते टेपवर आहे: चार मिनिटं आणि काही सेकंद.

(दिवा येतो. थाळी हलते.)

पट्टा ताणला गेला, थाळी कुरकुरली. खालून कुठूनतरी तो आवाज निघाला, जाड, ओळख न पटणारा. चढत चढत बाईचा झाला आणि पेटीच्या सुराला येऊन टेकला.

पेटीवाल्यांनी पट्टी सोडली आणि आपली बशी शोधायला लागले.