वर पान, खाली पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते बागेतल्या ऑर्किडांवर मुक्कामाला येणाऱ्या रंगीत बेडकांबद्दल. त्यातही मलबार उडत्या बेडकाबद्दल. हा आपल्या सह्याद्रीचा, पश्चिम घाटाचा. जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही.

आंबोली घाटाखाली आमचं घर. मागच्या परड्यात फणसाच्या खोडाला नारळाची सोडणं बांधून मी ऑर्किडं लावलीत. सगळी वादळात मोडून पडलेल्या फांद्यांवरची, उभ्या झाडावरून ओरबाडलेलं एकही नाही. सीतेची वेणी त्यात जास्त. लग्नाच्या हॉलमध्ये हल्ली ती जांभळी ऑर्किडं लावतात, त्यांना वास कुठे असतो? आमच्या सीतेच्या वेणीला मंद गोड वास येतो. लग्नात तीच माळावी असं माझं मत आहे, आणि मी ते सगळ्यांना सांगते. असो.

तर त्या वर्षी मृगाचा पाऊस नुकता लागला होता. रात्रभर परड्यात टक्-टक्-टक् आवाज. सकाळी सासूबाईंची हाक आली, “अगो, हयसर साबणाचो फेस कोणी टाकल्यान?”

जाऊन बघते तर ऑर्किडाच्या पानांवर, लगतच्या दोन फणसाच्या पानांना चिकटून, मुठीएवढा पांढरा फेसाचा गोळा. आईंनी हातात तांब्या घेतलेला. “पाणी मारून उडवतंय,” म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, थांबा जरा!” कारण वीतभर अंतरावर मला ती दिसली होती. मादी. पाय पोटाशी घेऊन बसलेली, ओल्या पानासारखी हिरवीगार. मी पुढे वाकले तशी तिने उडी टाकली, आणि चारही पायांच्या बोटांमधले पडदे पसरले. केशरी-तांबडे! एवढा वेळ तो रंग तिने अंगाखाली मिटून ठेवला होता. आईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. “बेबो असो रंगीत?” एवढंच म्हणाल्या.

तो फेस म्हणजे तिचं घरटं. ताक घुसळावं तसं ती मागच्या पायांनी अंगातला स्राव घुसळते आणि त्यात अंडी घालते. वरचा थर सुकतो, आत ओल राहते. पिल्लं तयार झाली की पावसाने फेस विरघळतो आणि ती टपाटप खाली पाण्यात पडतात. वर पान, खाली पाणी. हे लक्षात ठेवा, वर पान, खाली पाणी.

आणि इथेच माझ्या काळजात धस्स झालं. त्या फांदीखाली पावसाच्या पाण्याने भरलेलं पिंप असायचं. डासांच्या भीतीने चार दिवसांपूर्वी मीच ते हलवलं होतं. ओल दिसायची, पाणी नव्हतं. आता तो गोळा विरघळला असता तो थेट मातीवर.

आम्ही दोघींनी मोठं घमेलं बरोबर फेसाखाली ठेवलं. नळाचं पाणी नाही, पागोळीचं. डास नकोत म्हणून बाकीच्या पिंपांना फडकी बांधली. आठव्या दिवशी दुपारी सर आली, आणि छत्री धरून उभ्या असलेल्या आई ओरडल्या, “पडलां! पडलां!” जिऱ्याएवढे बेडूकमासे, एकामागून एक. संध्याकाळी ते सगळे आम्ही मागच्या जुन्या चिरेखाणीतल्या पाण्यात सोडले.

सगळ्याच बेडकांना असं पाणी लागतं असं नाही. आंबोलीचाच एक चिमुकला झुडुपी बेडूक आहे, शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये त्याला नाव दिलं. त्याच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूकच बाहेर येतो. पण उडत्या बेडकाला पाणी हवंच. वर पान, खाली पाणी.

दुसरं, ऑर्किडावर कीटकनाशक मारू नका. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो. पानावरचं औषध तसंच त्याच्या अंगात जातं. डास पळवायचं मलम लावलेल्या हातानेही त्याला उचलू नका. आणि अंगणात ते सिमेंटचे ठोकळे बसवायचं खूळ निघालंय, तेही थांबवा. मातीचं अंगण सारवायला कष्ट पडतात, मान्य, पण पहिल्या पावसात त्याच मातीतून जीव वर येतात.

परवा रात्री पुन्हा टक्-टक्-टक् ऐकू आलं. सकाळी परड्यात गेले, तर आई फणसाखाली घमेलं मांडून, वर बघत, पावसाची वाट पाहत उभ्या होत्या.