आजी, जरा चालून दाखवा
(फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, मी भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, "आईचं वय ८२, झेपेल ना?" या प्रश्नाला नुसत्या वयावरून उत्तर देता येत नाही, हे मला उशिरा कळलं.

एका आजींचं आतड्याचं ऑपरेशन होतं. ईसीजी, इको, रक्त, सगळे रिपोर्ट चांगले. ऑपरेशनही नीट झालं. दुसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला, मुलाला ओळखेनात. मग त्या अंथरुणाला खिळल्या त्या खिळल्याच. नंतर सून म्हणाली, "चवथीपासून त्या तुळशीपर्यंतसुद्धा जात नव्हत्या. ब्लाऊज सगळे सैल झाले होते." हे मी आधी विचारायला हवं होतं. ते माझंच काम होतं.

सून जे सांगत होती त्याला वैद्यकात फ्रेल्टी म्हणतात. शरीराची गंगाजळी आटलेली असते. रोजचं कसंबसं भागतं, पण ऑपरेशनसारखा मोठा खर्च आला की हात रिकामे. २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी याच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वर्षात साडेचार किलोहून जास्त वजन घटणं, सतत थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त खुणा दिसल्या, तर माणूस फ्रेल. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत ५९४ ज्येष्ठ रुग्णांवर हेच निकष लावून पाहिले. फ्रेल रुग्णांत गुंतागुंत जास्त झाली, इस्पितळातला मुक्कामही लांबला.

चाल तर मी आता स्वतः बघते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. हातात घड्याळ धरायचं, बस्स. पंधरा सेकंदांच्या पुढे काटा गेला की मी सावध होते. पडून खुबा मोडलेल्या माणसाला अर्थातच चालवता येत नाही आणि त्याचं ऑपरेशन लांबवणंही बरं नाही. तिथे मी घरच्यांना विचारते, पंधरा दिवसांपूर्वी कसे होते? न्हाणीत एकटे जात होते का?

२०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीपुढची माणसं ११ टक्क्यांवर होती, केरळच्या खालोखाल. कित्येक घरांत मुलगा परदेशात असतो आणि आई फोनवर "मी बरी आसा" म्हणते. फोनवर चाल दिसत नाही.

कोणी फ्रेल निघालं म्हणजे ऑपरेशन नाकारलं, असं कृपा करून समजू नका. घाई नसेल तर तीन-चार आठवडे हाताशी घ्यावेत. नुसत्या पेजेवर ठेवलेल्या माणसाला अंडं, मासळी, डाळ द्यावी. रोज चालवावं, श्वासाचे व्यायाम करून घ्यावेत, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. ऑपरेशननंतर चष्मा आणि कानाचं यंत्र उशाशी हवं, म्हणजे भ्रमाचा धोका कमी होतो. आणि पेशंटला स्वतःला विचारावं, तुम्हाला यातून काय हवंय? एक आजोबा मला म्हणाले होते, "देवळाच्या पायऱ्या चढता आल्या की पुरे." त्यांच्या ऑपरेशनचा सगळा बेत आम्ही त्या पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवून आखला.