मार्चमध्ये येणारी पुस्तकं

(दृश्य: लोखंडी कपाटाचं दार उघडतं. आतून एक जाडजूड वही बाहेर येते.)

ही दाखल नोंदवही. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक आधी इथं चढतं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक. मगच ते कपाटात जातं. आता तारखांच्या रकान्यावरून बोट खाली आणा. एप्रिल कोरा. पावसाळ्यात चार-दोन नोंदी, त्याही भेट आलेल्या पुस्तकांच्या. आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात मात्र पानंच्या पानं भरलेली.

असं का होतं?

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. गावातलं वाचनालय सरकार स्वतः चालवत नाही. गावकऱ्यांची नोंदणीकृत संस्था ते चालवते, ग्रंथालय संचालनालय मान्यता देतं आणि अनुदान देतं. मद्रासने 1948 च्या कायद्यातच ग्रंथालय कर बसवला होता. आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे वाचनालयाला हक्काचं असं स्वतंत्र उत्पन्न नाही. दरवर्षी अर्थसंकल्पातल्या तरतुदीकडे डोळे लावून बसायचं.

वाचनालयांचे वर्ग अ, ब, क, ड असे. ग्रंथ किती, सभासद किती, वर्तमानपत्रं-नियतकालिकं किती, यावर वर्ग ठरतो. लहान गावातलं वाचनालय बहुधा ड वर्गात. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाचे वर्षाला 30,000 रुपये होते ते 48,000 झाले.

या 48,000 चा हिशेब मांडून बघा. निम्मे पगाराचे. म्हणजे 24,000, महिन्याला 2,000. रोज संध्याकाळी दार उघडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, देवघेव लिहिणाऱ्या ग्रंथपालाच्या हातात एवढेच पडतात. ही रक्कम कामाच्या मानाने फार कमी आहे, हे स्पष्ट सांगायलाच हवं.

उरले 24,000. पाच रुपयांचा एक अंक धरला तर सहा वर्तमानपत्रांचे महिन्याला 900, वर्षाचे 10,800. राहिले 13,200. यातूनच भाडं, वीजबिल, मासिकं, दिवाळी अंक, बाइंडिंग. पुस्तकांचा नंबर सगळ्यांत शेवटी.

शिवाय हे पैसे दोन हप्त्यांत येतात. दुसरा हप्ता बहुधा आर्थिक वर्ष सरता सरता. 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. मग विक्रेत्याकडे जे शिल्लक असेल, ज्यावर सवलत जास्त मिळेल, त्याचे गठ्ठे येतात. वाचकाने मागितलेलं पुस्तक राहूनच जातं.

(दृश्य: टेबलावर दोऱ्याने बांधलेलं पेन आणि शंभर पानी वही.)

यावर अगदी साधा उपाय म्हणजे मागणी वही. पुस्तकाचं नाव, मागणाऱ्याचा सभासद क्रमांक, तारीख. एवढे तीनच रकाने, पण वही वर्षभर टेबलावर उघडी हवी. कपाटात ठेवलेली मागणी वही कुणी भरत नाही. फेब्रुवारीत तिच्यावरून यादी काढायची. तीन किंवा अधिक सभासदांनी मागितलेली पुस्तकं आधी. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक असेल तर यादीत आवृत्तीचं सालही लिहायचं आणि गठ्ठा सोडताना ते ताडून पाहायचं. चालू घडामोडींची दोन वर्षं जुनी आवृत्ती कपाटात आली, तर तिच्यावर अभ्यास करणाऱ्या मुलाचं नुकसान होतं.

कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडूनही पुस्तकं मिळतात. प्रतिष्ठान 1972 चं. राज्याने घातलेल्या रकमेला जोड देऊन हे ग्रंथ घेतले जातात. पण तिथली निवड गावात होत नाही, म्हणून स्वतःच्या यादीचं महत्त्व आणखी वाढतं.

आता कपाटाकडे. वर्ग ग्रंथसंख्येवर ठरत असल्यामुळे फाटकी, कसर लागलेली पुस्तकं बाद करायला कार्यकारिणी कचरते. संख्या घटली तर वर्ग जाईल, ही भीती. पण एका पुस्तकातली कसर शेजारच्या दहांत शिरते. बाद करायची पद्धत ठरलेली आहे: यादी करायची, सभेत ठराव घ्यायचा, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोर ठरावाची तारीख लिहायची. क्रमांक मात्र दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही.

(दृश्य: सुटलेल्या पानांवर हात.)

जे वाचवता येईल ते शिवायचं. चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, कागदावर डाग सोडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते. बाइंडर जुजबंदी शिलाई घालतो, म्हणजे पानांची एकेक घडी दोऱ्याने शिवतो, आणि पाठीला कापडी पट्टी लावतो. खळीत चिमूटभर मोरचूद असतं, म्हणजे पिठाच्या वासाने कीड येत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, कारण पावसाळ्यात भिंतीची ओल आधी मागच्या रांगेला लागते.

(दृश्य: पुस्तकाचं शेवटचं पान, तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी.)

कुठलं पुस्तक खरोखर वाचलं जातं, ते या चिठ्ठीवर दिसतं. हिच्यावर जागा उरलेली नाही. नवी चिठ्ठी जुनीवरच डिंकाने चिकटवायची, जुनी फाडायची नाही.