पडलेलं झाडही जंगलाचंच
(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पोलंड म्हटलं की कोल्हापूरकरांना आधी वळिवडं आठवतं. 1943 ते 1948 या काळात जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित तिथे राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यातली बरीच कुटुंबं त्या वेळच्या पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेनं उचलून नेलेली. आज मी बोलणार आहे ते पोलंडच्या पूर्व सरहद्दीवरच्याच एका अरण्याबद्दल. त्याचं नाव बियालोवेझा. पत्रिकेत विषय छापलाय ‘संरक्षित क्षेत्र आणि गावाचा होकार’. त्याकडे येतोच, पण झुब्राची गोष्ट सांगितल्याशिवाय ते अरण्य कळायचं नाही.

झुब्र म्हणजे युरोपातला रानगवा, आपल्या दाजीपूरच्या गव्याचा लांबचा भाऊबंद. बियालोवेझा गावात राजवाड्याच्या जुन्या बागेत एक दगडी स्तंभ उभा आहे. 1752 साली राजा तिसरा ऑगस्टस शिकारीला आला, त्यात 42 झुब्र पडले, आणि तो आकडा दगडावर कोरून ठेवला. वाचताना अंगावर काटा येतो. पण राजाला शिकार हवी म्हणूनच शतकानुशतकं तिथे इतरांच्या कुऱ्हाडीला बंदी होती, हेही खरं. पोलिश राजे गेले, रशियाचे झार आले, त्यांनीही रान शिकारीसाठी राखलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. 1915 साली जर्मन सैन्यानं तिथे रूळ टाकले, लाकूड कापायचे कारखाने उभारले. युद्धाआधी सातशेच्या आसपास झुब्र होते. सैनिकांना मांस हवं होतं, चोरट्या शिकाऱ्यांना रान मोकळं झालं होतं. 1919 साली तिथला शेवटचा मोकळा झुब्र मारला गेला. 1927 साली कॉकेशसमधला शेवटचाही गेला. जगाच्या पाठीवर रानात एकही झुब्र उरला नाही.

आता पुढचं नीट ऐका, कारण ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. 1923 साली पॅरिसच्या निसर्गसंरक्षण परिषदेत यान श्तोल्त्समान हे पोलिश प्राणिशास्त्रज्ञ उभे राहिले आणि म्हणाले, जिथे जिथे झुब्र उरलाय तिथून तो गोळा करून वाचवू या. मोजदाद झाली. प्राणिसंग्रहालयं आणि सरदारांची कुंपणं मिळून 54 शुद्ध झुब्र निघाले. आजचे सगळे झुब्र अवघ्या 12 जनावरांचे वंशज आहेत! म्हणून वंशावळीची वही सुरू झाली. कुठल्या वळूचं कुठलं वासरू, कुठल्या गावी जन्मलं, सगळं लिहायचं. बारशाला आपण पत्रिकेतलं अक्षर बघतो ना, तसं तिथे जन्मस्थानावरून अक्षर ठरतं. पोलंडमध्ये जन्मलेल्या सखल प्रदेशातल्या झुब्राचं नाव ‘पो’नं सुरू होतं. फक्त प्श्चिना इथल्या कळपाचं अक्षर निराळं. मधल्या काळात दुसरं महायुद्ध होऊन गेलं, सरहद्दी सरकल्या, तरी ती वही आजही चालू आहे.

सभागृहात पशुवैद्य असतील त्यांच्या मनात प्रश्न आलाच असेल, बारा जनावरांवर वंश चालला तर रक्त जवळचं होत जाणार, रोगाला बळी पडणार. अगदी बरोबर. ती काळजी आजही आहे, म्हणूनच वहीला इतकं महत्त्व. 1929 साली झुब्र बियालोवेझात परत आणले, आधी कुंपणात. 1952 साली पहिले मोकळे सोडले. 2003 साली जगात सुमारे 1,800 मोकळे झुब्र होते, 2019 पर्यंत ते 6,200 वर गेले.

पण जनावर परत आणता येतं, जुनं रान परत आणता येत नाही. म्हणून आता माझं खरं दुखणं. या अरण्याच्या कडक संरक्षित भागात वाटाड्याबरोबरच जाता येतं. आत ओक, हॉर्नबीम, लिंडेनची प्रचंड झाडं, आणि जमिनीवर तितकीच प्रचंड आडवी पडलेली. मी गेलो तेव्हा आमच्यातले एक गृहस्थ हळहळले, “केवढं लाकूड वाया चाललंय!” हे वाक्य मी आपल्या सह्याद्रीतही ऐकलंय, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. अहो, वाया कुठे? त्या लाकडात बुरशी वाढते, भुंगेऱ्यांच्या अळ्या राहतात, त्या अळ्यांवर पांढऱ्या पाठीचा सुतारपक्षी जगतो, त्यानं कोरलेल्या ढोलीत पुढे दुसरं कुणी संसार मांडतं. या अरण्यात बारा हजारांहून जास्त जातींचे अपृष्ठवंशी प्राणी नोंदलेत. पडलेली झाडं उचलून नेली की त्यातल्या कितीकांचं घरच जातं.

2016 साली नेमकं हेच घडू लागलं. स्प्रूसच्या झाडांना साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची लागण झाली होती. तेव्हाचे पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी तोडीची मर्यादा जवळपास तिप्पट केली. जंगल वाचवायलाच तोडतोय, असं सरकारचं म्हणणं. शंभर वर्षांवरची झाडंही पडू लागली. लोक यंत्रांना साखळ्यांनी बांधून घेऊन बसले. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. जुलै 2017 मध्ये तोड थांबवायचा हुकूम झाला, तरी तोड चालूच राहिली. नोव्हेंबरमध्ये न्यायालयानं बजावलं, ऐकलं नाहीत तर दिवसाला किमान एक लाख युरो दंड. तेव्हा कुठे यंत्रं रानातून बाहेर गेली. एप्रिल 2018 मध्ये अंतिम निकाल पोलंडच्या विरोधात लागला. आणि त्या भुंगेऱ्याला खाणारा तीन बोटांचा सुतारपक्षी मेलेल्या स्प्रूसवरच जगतो. औषध रानात होतंच, तेच आपण तोडत होतो!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. सरहद्दीवर 2022 साली उभ्या राहिलेल्या साडेपाच मीटर उंच कुंपणाबद्दल आणि त्यानं अडवलेल्या लिंक्स या मोठ्या रानमांजराबद्दल बोलायचं होतं, ते सोडतो.

मूळ मुद्दा. एवढं नाव असलेल्या या अरण्याचा पोलंडमधला जेमतेम सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात आहे. पलीकडे बेलारूसच्या बाजूला मात्र राष्ट्रीय उद्यान कितीतरी मोठं आहे. पोलंडमध्ये 1996 साली ते वाढवून दुप्पट केलं, पुढे गाडी अडली, कारण उद्यान वाढवायला तिथे स्थानिक पंचायतींचा होकार लागतो. 2001 साली देशात 23 वं उद्यान झालं, त्यानंतरची दोन दशकं एकही नवं नाही. माझे मित्र म्हणतात, ही अट काढा. मला ते पटत नाही. न विचारता आखलेल्या सीमेनं काय होतं ते आपण राधानगरीच्या परिसरात राहणाऱ्यांना विचारा.

अडचण पैशाची आहे. पोलंडमध्ये पंचायतीला जंगलावर वनकर मिळतो, पण तेच जंगल राष्ट्रीय उद्यानात गेलं की कराचा दर निम्मा होतो. वर लाकूडतोडीचं काम जातं, सरपणाची भीती, अळंबी गोळा करायला बंदी येईल ही भीती. म्हणजे जंगल जास्त राखावं तर गावाची तिजोरी रिकामी होणार. अशा वेळी सरपंच नाही म्हणाला तर तो निसर्गाचा शत्रू ठरत नाही. तेव्हा आधी ती तूट सरकारनं पुरी भरून द्यावी, आणि दर वर्षी द्यावी. सरपण आणि अळंबीचे हक्क कागदावर लिहून द्यावेत. मग उरलेल्या पाच हिश्श्यांसाठी पुन्हा त्याच पंचायतींच्या दारात जावं. प्रश्न असतील तर मी थांबलोय.